घासलेली स्प्रिंग

बँकेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने वार्षिक चाचणीच्या मैदानात नेम धरला आणि चाप ओढला. नुसतेच 'टिक्' झाले. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. तिसरी गोळी तेवढी सुटली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "चोराला जरा थांबायला सांगा, तिसरी नक्की लागेल!" सगळे हसले. तोही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

एजन्सीच्या अधिकाऱ्याने आठवड्याची मुदत दिली. त्या मुदतीनंतरच्या फेरचाचणीत सगळ्या गोळ्या सलग सुटल्या नाहीत तर फाटक जाणार होते आणि फाटकाबरोबर बँकेच्या मागची खोलीही, कारण ती केवळ हत्यारी पहारेकऱ्यालाच मिळे. त्याचा जन्म त्याच खोलीतला. त्याच्याआधी वडिलांनी हे फाटक राखले होते. रिव्हॉल्व्हरही त्यांचेच, त्यांच्या पश्चात ते रीतसर त्याच्या परवान्यावर आले होते.

पहिला संशय त्याने काडतुसांवर घेतला. पण त्याच पेटीतली काडतुसे इतरांच्या हत्यारांत बिनबोभाट उडाली होती. मग जुने, गोठलेले तेल. दुपारी खोलीत वर्तमानपत्र पसरून तो चिंधीने एकेक खाच पुसत बसला.

"अहो, इतक्या मायेने कधी माझे पाय चेपले नाहीत," बायको म्हणाली.

"तुझ्या पायांवर खोली मिळत नाही."

"खोली झाडते कोण मग?"

तेल निघाले, पण चाप ओढल्यावरचा आवाज तसाच मवाळ राहिला. तेव्हा तो हत्यारे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीने आधी रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री केली. मग नळी वर करून तिच्यात एक पेन्सिल सोडली आणि चाप ओढला. आत घोडा जोरात आपटला असता तर पेन्सिल उडायला हवी होती. ती जेमतेम नळीबाहेर डोकावली आणि परत आत बसली.

"याला जेवायला घालता की नाही?" मिस्त्री म्हणाला. मुठीच्या लाकडी फळ्या काढून त्याने घोड्याला जोर देणारी चपटी स्प्रिंग उजेडात धरली. "झिजलेली नाही ही. कानशीने घासलीय. चाप हलका व्हावा म्हणून."

"शक्य नाही. बाबांनी याला कोणाला हात लावू दिला नाही."

"मग काम घरातलंच, भाऊ."

पहारेकऱ्याने ती स्प्रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली. अखेरच्या काही वर्षांत वडिलांची बोटे वळत नसत. शर्टाची बटणे आई लावी. तरी ते चाचणीत दरवर्षी उत्तीर्ण होत, असे घरात अभिमानाने सांगितले जाई. ते कसे, हे कधी कोणी विचारले नव्हते. मिस्त्रीच्या मते, तेव्हा मऊ टोपीची काडतुसे मिळत, ती एवढ्या धक्क्यावरही उडत असतील. नाहीतर चाचणी घेणारा ओळखीचा असेल. दोन्ही शक्यता सारख्याच पटण्याजोग्या होत्या आणि दोन्हींना पुरावा नव्हता. सांगू शकले असते ते आईवडील दोघेही आता हयात नव्हते.

मिस्त्रीने भंगाराच्या डब्यातून त्याच जातीची जाड स्प्रिंग शोधली, बसवली आणि पेन्सिल पुन्हा सोडली. ती थेट छताला लागून कपाटामागे पडली. पहारेकऱ्याचा चेहरा उजळला.

"आता तुम्ही ओढा. सलग."

एकदा ओढले. दुसऱ्यांदा ओढायला वेळ लागला. तिसऱ्यांदा चाप अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला. मिस्त्री त्याच्या बोटाच्या सुजलेल्या पेराकडे पाहत होता.

"थंडीमुळे होतं," पहारेकरी म्हणाला.

"पंखा चालू आहे, भाऊ."

"थोडी घासा ना. अगदी थोडी."

"घासली की काडतूस उडायचं नाही. नाही घासली की तुमच्याने ओढवायचं नाही."

"मधलं काही?"

"करून बघतो."

मिस्त्रीने खरोखरच करून पाहिले. संध्याकाळपर्यंत स्प्रिंग काढली, घासली, बसवली. दुसरी घेतली, तीही घासली. ज्या जोरावर पेन्सिल धड उडे, त्या जोराला बोट पुरत नसे. शेवटी त्याने एक अखंड, न घासलेली स्प्रिंग बसवून दिली आणि मजुरी घेतली नाही. नेमकी त्याचीच पहारेकऱ्याला धास्ती वाटली.

फेरचाचणीत पहिल्या दोन गोळ्या खणखणीत सुटल्या. तिसरीला त्याने दुसऱ्या हाताचे बोटही चापावर आणले. नळी डोलली, गोळी मातीत गेली. चौथी सुटलीच नाही. या वेळी कोणी हसले नाही. अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतले, चक्र फिरवले, रिकामे करून स्वतः चाप ओढून पाहिला.

"हत्यार उत्तम आहे हो तुमचं," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी बायकोने विचारले, "कधीपर्यंत?"

"महिनाअखेर."

खोलीतला मोठा पलंग वडिलांनी आतच जोडून घेतला होता. दारातून तो अखंड निघणार नव्हता. पहारेकरी खाली बसला आणि पलंगाच्या पायाच्या गंजलेल्या नटाला पाना लावला. पाना फिरेना. त्याने पुन्हा जोर केला; पाना सुटून फरशीवर आपटला.

बायको त्याच्या शेजारी बसली. "सरका," ती म्हणाली, आणि पाना उचलून घेतला.