पर्यावरणाच्या पेपरावरचा लाल गोल

त्या दुपारी आम्ही दोघं बडनेऱ्याच्या घरी ओसरीत बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होतो. संध्याकाळी सोल्यांची भाजी करायची होती. मी सोलायचो. ती चार शेंगा सोलायची आणि मांडीवरच्या कागदात डोकं घालायची. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

माझी बायको अकोल्याच्या एका कॉलेजात पोरांना सल्ला द्यायच्या कामावर होती. कोणते विषय घ्यायचे, कोणता पेपर राहिला, कोणता फॉर्म कधी भरायचा, हे सगळं पोरांना तीच सांगायची. मी चौथी शिकलेला, सायकल दुरुस्तीच्या दुकानात जन्म काढला. ती लग्नानंतर शिकली. लोक म्हणायचे, बायको तुझ्या पुढं गेली. गेली तर गेली. तिचा डबा मीच भरून द्यायचो. रिटायर झाली तरी पोट्टे-पोट्ट्या विचारायला घरी यायचेच.

तिची एक रीत होती. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायची आणि त्यावर पोरांच्या हातानंच सगळे पेपर लिहून घ्यायची. पास झालेल्या पेपरापुढं बरोबरची खूण, राहिलेल्याला लाल पेन्सिलनं गोल. फॉर्म भरला की गोलात ठिपका. पान स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकायचं. सगळे पेपर सुटले की ते पान पोराच्या हातात देऊन म्हणायची, "फाड आता." माझ्यासारख्यालाही कोण कुठं अडकलं ते पाहिल्याबरोबर कळायचं.

त्या दुपारी तिच्या मांडीवर तिवश्याकडच्या एका पोरीचं पान आणि तिच्या मार्कशीटांच्या झेरॉक्स होत्या. पोरगी अकोल्यात खोली करून राहायची, शेवटच्या वर्षाला होती.

"अहो, हे पाहा. या पोट्टीचा पयल्या वर्षाचा पर्यावरणाचा पेपर राहिला हाय, अन् तिनं बरोबरची खूण करून ठेवली!"

"त्या पेपराले कोण पुसते?" मी म्हटलं.

"डिग्री देताना पुसतात. त्याचे मार्क धरत नाहीत, म्हणून पोट्टे इसरून जातात. मंग डिग्री अडकते. बी.एड.ले जाणार हाय ती. सारं वर्ष जाईन तिचं. अन् परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख उद्या!"

तिनं ती खूण खोडली, लाल गोल काढला आणि फोन लावला. लागला नाही.

"संध्याकाळी पुन्हा लावते. इसरली तर आठवण देजा."

"तू कधी इसरली?"

"म्हातारी झाली बाप्पा आता."

पान खिळ्याला लावलं, जरा पडते म्हणाली आणि आत गेली. चार वाजता मी चहा ठेवला, हाक मारली. उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. ना दवाखाना, ना नळ्या. तिला याचीच भीती होती. तेवढं तिचं टळलं, याचं मला आजही बरं वाटतं. दुसरं बरं वाटायचं कारण पुढं सांगतो.

अकोल्याहून मेहुणी आली, घर तिनं हातात घेतलं. त्याच रात्री आम्ही बायकोला स्मशानात पोचवून आलो. फोनची आठवण मला द्यायची होती. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं.

सकाळी तोंड धुताना आठवलं. तसाच स्वयंपाकघरात गेलो. खिळा रिकामा.

"काय शोधता भाऊजी?" मेहुणीनं विचारलं.

"इथली पानं कुठं गेली?"

"ते रद्दी? ताईच्या अंथरुणासंगं बांधून ठेवली. आता नेऊन टाकतील."

"कोणं सांगितलं व तुले हे शहाणपण?"

गाठोडं फाटकाजवळ पडलं होतं. मी गाठ सोडायला लागलो.

"भाऊजी, त्याले हात नोका लावू! सुतक हाय!"

"सुतक मले हाय. त्या पोट्टीले नाही."

बायकोची गोधडी बाजूला केली. गोधडीला अजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. खाली पानं होती. लाल गोलाचं पान मी लगेच ओळखलं. वर पोरीचा नंबर होता. बायकोचा मोबाईल तिच्याच बोटानं उघडायचा, म्हणून मी माझा बटणांचा फोन घेतला. आकडे दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा लागला.

"पोरी, तुह्या पर्यावरणाच्या पेपरावर गोल हाय. आज शेवटची तारीख. फॉर्म भर."

"काका, तो पेपर तर मी दिला होता."

"देला असशीन. पास नाही झाली. मार्कशीट काढून पाय."

कागद चाळल्याचा आवाज आला. मग रडका आवाज. "हो काका... नापासच हाय. मॅडमले फोन द्या ना जरा."

आता काय सांगू? मला गोड बोलता येत नाही.

"मॅडम काल गेल्या. पयले फॉर्म भर, मंग रड."

तिनं नाक ओढलं. मग "जाते काका" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ओसरीत येऊन बसलो. कालच्या शेंगा टोपलीत तशाच होत्या, थोड्या सुकलेल्या. मी सोलायला घेतल्या.

"काहून सोलता? घरात चूल नाही पेटणार आज," मेहुणी म्हणाली.

"मले माहीत हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग समोर बसली आणि तीही सोलायला लागली. टोपली संपत आली तेव्हा फोन वाजला.

"भरला काका. सही-शिक्का सारं झालं."

आणि मग ती रडली. मीही रडलो, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा. छातीवरचा दगड कोणी उचलल्यासारखं झालं. आठवण द्यायचं मी विसरलो होतो, पण पोरीचं वर्ष वाचलं.

लाल पेन्सिल बायकोच्या चष्म्याच्या डबीत सापडली. मी गोलात ठिपका दिला. ठिपका जरा मोठाच झाला. मग पान परत खिळ्याला लावलं आणि मेहुणीला सांगितलं, "याले कोणी हात लावायचा नाही. हे ती पोट्टी येऊन फाडीन."