नानांनी दाखवलेली जागा

जमिनीतून सोनं निघो न निघो, किस्से मात्र बरोबर निघतात! आमच्या टोळीजवळ तर ढीग जमला. टोळी म्हणजे तिघं. मी रिटायर मास्तरीण, वासनिक भाऊ मशीनवाले, आणि जबलपूरच्या राइट टाउनचे नाना. नाना पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. तिघांच्याही घरी दुसरं माणूस नाही. म्हणून रविवारी खोदायला जायचं.

*

भाऊंनी धातू शोधायची मशीन ऑनलाइन मागवली. पहिल्या दिवशी जिथं नेली तिथं टूं टूं! खोदून खोदून जीव गेला. मग समजलं, भाऊंच्या गुडघ्यातल्या रॉडवर वाजून राहिली होती!

"चलो, माझ्यात तरी काही निघालं!" भाऊ म्हणाले.

*

मदन महाल किल्ल्याखाली सोन्याच्या विटा आहेत, हे अख्ख्या जबलपूरला माहीत. आम्ही टेकडीवर नुसतं फावडं टेकवलं, तर चौकीदार धावत आला.

"माताजी, खोदना मना है."

"काहून? सोनं काय तुझं आहे?"

"सोना निकला तो सरकार का. गड्ढा आपका!"

मग त्यानंच चहा पाजला. तोही बिचारा दिवसभर एकटाच बसून असतो.

*

शहपुऱ्याला एका शेतमालकानं हो म्हटलं. नाना अनवाणी फिरले, एका जागी थांबले. "इथं!" भाऊंनी फावडं मारलं आणि फवारा उडाला. खाली पाण्याची पाइपलाइन!

"नाना, तुम्ही पायाळू आहात का नळवाले?" भाऊ भिजून लाल झाले. "बस झालं बापा, आता बंद करू हे."

मीही हो म्हटलं, कंबर दुखून राहिली होती. ऑटोतून घरी निघालो. उतरताना नाना म्हणाले, "मग रविवारी मी काय करू, ताई?"

मला फार वाईट वाटलं.

*

त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. "एक शेवटचं. त्याच शेतात. जागा दिसली मला."

गेलो. मशीन वाजली. वीतभर खाली सोन्याची बांगडी! भाऊ नाचायलाच लागले. मालक ओरडला, "खेत मेरा, सोना मेरा!" गाव जमलं, कोणीतरी फोन केला, तहसीलदार साहेब जीप घेऊन हजर.

बांगडी माझ्या हातात होती. तुटलेली, आतून डाग देऊन सांधलेली. नानांच्या बायकोची, कुसुमची बांगडी! डाग द्यायला सराफाकडे मीच तिच्यासोबत गेली होती. कुसुम गेल्यापासून नाना ती कपाटात जपून ठेवत. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"किसी का दावा हो तो अभी बोलिए," साहेब म्हणाले. "नहीं तो सरकारी खजाने में जमा."

"नाना, बोला ना!" मी त्यांचा हात दाबला.

तिकडे भाऊ मशीन पुसत ओरडून राहिले होते, "आता थांबायचं नाही! येत्या रविवारी पलीकडचं शेत!"

"नहीं साहब," नाना म्हणाले. "हमारा कुछ नहीं है."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, येत्या रविवारी डबा मी आणतो."