चावीवाल्या काकांचा राहिलेला धक्का

"दिवा त्या म्हाताऱ्यानेच विझवलेला असतो, काका," मी म्हणालो आणि चहाचा घोट घेतला. घोट घशाखाली उतरेपर्यंत लक्षात आलं, आपण माती खाल्ली.

माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी चावीवाले काका बसतात. आठ महिने ते एकच व्हिडिओ गेम खेळत होते, दुपारच्या जेवणानंतर, त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, मोजून अर्धा तास. एक बेट, एक दीपगृह, एक बुडालेलं जहाज. त्या रात्री दिवा कोणी विझवला, एवढंच शोधायचं. मी तो दोन दिवसांत संपवला होता. काका म्हणाले, प्रकरण शेवटाकडे आलंय. मला वाटलं, मदत करावी.

काका रागावले नाहीत. हातातल्या चावीवर फुंकर मारली आणि म्हणाले, "हे काकूला कळता कामा नये."

काकू स्वतः खेळत नसत. शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडत. "आधी ते कपाट बघा. डावीकडे म्हटलं ना." दिव्याचा राखणदार म्हातारा त्यांचा लाडका. "त्याच्या चेहऱ्यावर पाप नाही हो," असा निकाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला होता, आणि त्यावर दोघं रोज भांडत. आता काकांना उत्तर ठाऊक. काकांच्या पोटातलं ओठांवर येत नाही, पण चेहऱ्यावर हमखास येतं.

"एवढं काय काका, गेमच तर आहे."

"लोकांची कुलुपं उघडतो ना मी? कुलूप निघालं की मी बाजूला होतो. दार ढकलायचं ते घरच्या माणसाने. तीस वर्षांत कधी आत डोकावलो नाही. तू तर थेट स्वयंपाकघरात शिरलास, आणि डब्यात काय आहे तेही ओरडून सांगितलंस."

पुढचे बारा दिवस काका सारखा चष्मा पुसत खेळले. चेहरा लपवायला दुसरं काही सापडेना. काकू मला विचारत, "यांना बरं नाही का रे? भांडतच नाहीत हल्ली." मी एखाद्या फुटक्या मोबाइलमध्ये डोकं खुपसून "नाही हो" म्हणे.

शेवटच्या दिवशी मलाही बोलावणं आलं, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. दीपगृहाच्या वरच्या खोलीचं दार आलं. काका थांबले, कंट्रोलर काकूंच्या हातात दिला आणि आपली खुर्ची मागे सरकवली.

"अहो, मला कुठे येतं?"

"हे गोल बटण दाब. दार तू उघड."

आत काय होतं ते तुम्हालाही मी पहिल्याच ओळीत सांगून बसलोय, त्याबद्दल माफी. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकूंचा हात तोंडावर गेला.

"मेल्याने आठ महिने फसवलं मला," त्या शेवटी म्हणाल्या, आणि तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "तिचा धक्का वाचला. माझा एक तुझ्याकडे राहिला."

वर्षभरात मी त्यांना तीन गेम आणून दिले. तिन्हींचा शेवट त्यांनी आठवड्याभरात ताडला, आणि काकूंना कळू नये म्हणून पुन्हा चष्मा पुसत बसले. चौथा शोधतोय.