सुकडीच्या डब्याचं झाकण

नामांतर झालं त्या साली परभणीला अंगणवाडी सेविकांचं शिबिर भरलं होतं. एका डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर 'ऑटिझम' असा शब्द लिहिला आणि सांगितलं, असं मूल लवकर ओळखा, लहानपणीच मेहनत घ्या, आईला शिकवा. मागच्या रांगेतून वालूरच्या कस्तुराबाई म्हणाल्या, "हे तर आमी धा वर्सांपासून करायलोत." सगळ्या हसल्या. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांना चांगुणा आठवली होती.

कस्तुराबाई सातवी पास, अकाली विधवा. आवाज असा की गल्लीच्या टोकाची पोरं पहिल्या हाकेला पळत यायची. चौऱ्याऐंशी साली चांगुणा अंगणवाडीत आली आणि त्या आवाजाचा काही उपयोग होईना. वैजीनाथ आणि कडूबाई हे ऊसतोडीला जाणारं जोडपं, त्यांची ही साडेतीन वर्षांची लेक. बोलायची नाही, हाक मारली तर बघायची नाही, कोपऱ्यात बसून जर्मलची वाटी गरागरा फिरवत राहायची. तालुक्याच्या एका डॉक्टरनं 'डोक्यानं अधू आहे' म्हणून हात झटकले होते. आजीनं पोपटानं टोचलेले पेरू शोधून शोधून खाऊ घातले, जीभ सुटावी म्हणून. पेरू संपले, जीभ सुटली नाही.

बाईंनाही आधी वाटलं, पोर बहिरी आहे. त्यांनी तिच्या पाठीमागे ताट बडवून पाहिलं. चांगुणा ढिम्म. मग दुपारी खाऊची सुकडी वाटायला पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं, नुसतं किरकिरलं, आणि ही कोपऱ्यातून उठून समोर हजर. म्हणजे कान शाबूत होते. कशाला कान द्यायचा ते ती ठरवत होती. "माझ्यासारकीच हेकट हाय," बाई मदतनीस सरजाबाईला म्हणाल्या, आणि पोरगी त्यांच्या मनात भरली.

सुकडी हवी असली की चांगुणा बाईंचं मनगट धरायची आणि त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवायची. तोंडाकडे बघायचं नाव नाही. हात तेवढा कामाचा, हातामागच्या बाई नसल्या तरी चालतील. बाईंना ते लागलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात झाकणावर नुसता ठेवला आणि उघडलंच नाही. चांगुणानं ओढलं, रडली, जमिनीवर आडवी पडली. बाई बसून राहिल्या. शेवटी हे काय चाललंय म्हणून तिनं क्षणभर वर पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला आणि बाईंनी झाकण उघडलं.

मग रोज तेच. तीच वेळ, पोत्याचं तेच बस्कर, तोच डबा. जरा काही बदललं की पोर बिथरायची, म्हणून काही बदलायचं नाही. पोळ्यापर्यंत ती आपणहून बघायला लागली. पितृपक्षात 'दे' असं काहीतरी तोंडातून निघालं. बाईंनी सरजाबाईकडे पाठ करून डोळे पुसले.

आणि दसरा आला. आता मुकादमाचा ट्रक येणार आणि हे कुटुंब सहा महिने फडावर जाणार. आदल्या साली जाताना चांगुणा 'आय' म्हणायची. परतली ती मुकी. यंदा एवढ्या कष्टानं मिळालेली नजर पाचटात हरवणार, या विचारानं बाईंना घास गोड लागेना. पोरीला माझ्याकडे ठेवा, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"लेकरू मागं ठिवून माझा हात चलायचा न्हाई, बाई," कडूबाई म्हणाली.

"मंग तू शीक."

कडूबाईला चार दिवस अंगणवाडीत बसवलं. तिची चूक बाईंना तासाभरात कळली. मुकं लेकरू म्हणून आईचा जीव एवढा तुटायचा, की तहान लागायच्या आत पाणी आणि भूक लागायच्या आत घास तयार.

"तू तिला मागूच देईना गेलीस," बाई म्हणाल्या. "डबा बंद ठिव. तुज्याकडं बघस्तोवर उगडू नको."

"लेकराला उपाशी ठिवू?" कडूबाईचे डोळे भरून आले.

"उपाशी न्हाई. जरा थांबायचं. मला बी लय जड गेलं, पर थांबले मी."

जाताना बाईंनी तो डबा आणि बस्कर ट्रकमध्ये चढवलं. डबा सरकारी होता. वरून कुणी विचारलं तर बघून घेऊ, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

चैत्रात ट्रक परतला तेव्हा बाई पाराजवळ उभ्या होत्या. चांगुणा उतरली आणि त्यांच्याकडे न बघता समोरून सरळ अंगणवाडीत निघून गेली. बाईंनी मनात म्हटलं, झालं. सहा महिने पाण्यात गेले. मागून कडूबाई आली, हातात पोचे पडलेला डबा. वर झाकण नव्हतं.

"झाकण कुठंय गं?"

"हरवलं, बाई. माघातच."

"माघात?" बाईंचा पारा चढला. "मंग झाकणाबिगर तिला मागायला कसं लावलंस?"

"त्याची गरजच पडली न्हाई," कडूबाई म्हणाली. "तुमी आत तर चला."

आत चांगुणा जुन्या जागी बसली होती. पुढ्यात सुकडीचा नवा डबा. तिनं त्याला हात लावला नव्हता, बाईंचं मनगटही धरलं नाही. मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं, चांगलं टक लावून.

"बाई, दे."

बाई खाली बसल्या, झाकणाला हात घातला. नवं झाकण घट्ट बसलेलं, ते काही केल्या उघडेना. आणि चांगुणा त्यांच्याकडे बघत थांबली.