आमटी अडवणारं ताट

माझ्या मातीच्या ताटांच्या खोक्यावर 'रोजच्या वापरासाठी' असं छापलेलं असतं. पुण्या-नाशिकची गिऱ्हाइकं ती रोज वापरतातही. आमच्या संगमनेरच्या घरात मात्र ती शोकेसमध्ये उभी आणि जेवण स्टीलच्या ताटात. माझ्या कामांच्या यादीत 'घरात ताटं लावणे' कायम वरच असायचं. जे माझ्याच घरात चालत नाही ते लोकांना रोज वापरा म्हणून विकायचं, हे मला टोचायचं.

"पाहुण्यांना ठेव ती," सासूबाई म्हणायच्या. पाहुणे आले की, "फुटतील गं, स्टीलचीच घे."

एका रविवारी मी स्टीलची सगळी ताटं माळ्यावर टाकली आणि शिडी माझ्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे जुन्या गोठ्यात, नेऊन ठेवली. मग माझी ताटं मांडली. निळसर, पसरट, कडा जेमतेम. फोटोत फार छान दिसायची.

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बाजरीची भाकरी कुस्करली आणि वर आमटी ओतून घेतली. आमटी मेथीच्या भाजीत शिरली, तिथून लोणच्याकडे निघाली. आबांनी शांतपणे भात ओढला आणि कडेला रचायला लागले.

"आबा, हे काय?"

"बांध घालतोय. उतार तुज्याकडं हाय, पानी अडवाया नको?"

"राळेगणची माणसं बोलावू का?" नवऱ्याने विचारलं. त्याची आमटी तोवर चटईवर पोचली होती.

तिकडे सासूबाई भाकरी कुस्करायला गेल्या की ताटच पुढे सरकत होतं. "मी जेवू का ताट धरू? ह्यात फोटोच वाढ, बाई!"

मी उठले, शिडी आणली आणि स्टीलचं एक ताट खाली काढलं.

"आलं, आलं खाली!" आबा खूष.

"जेवायला नाही," मी म्हटलं. "मापाला."

कड मोजली आणि ताट परत माळ्यावर ठेवलं. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते, म्हणून नव्या ताटांची कड मापापेक्षा उंच ओढली, अगदी सरळ उभी. बूड जाड केलं आणि खालून ग्लेजचा गुळगुळीत थर न लावता खरखरीत ठेवलं, म्हणजे घसरायला नको.

पुन्हा बाजरी, पुन्हा आमटी. आबांनी ओतून घेतली आणि हात मागे घेऊन बघत बसले. आमटी जागची हलली नाही.

"तळं झालं," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

जेवून उठल्यावर सासूबाईंनी आपलं ताट स्वतः घासलं, उलटं केलं आणि खाली उमटवलेल्या इवल्याशा पानावर बोट ठेवलं. "हे काय?"

"माझा शिक्का."

"आणि नाव कुटंय?"

आमच्या घरात हंड्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर आबांचं नाव कोरलेलं आहे. नाव नाही ते भांडं घरचं नाही.

"शेजारी गेलं तर माघारी कसं यायचं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या खेपेला ओल्या मातीतच मी कडेवर आबांचं नाव कोरलं. नव्या गोठ्यातली आमची गाय व्याली तेव्हा सासूबाई त्यातलंच एक ताट खरवस भरून शेजारी घेऊन गेल्या. ते अजून आलेलं नाही. मी आणायला निघाले तर म्हणाल्या, "राहू दे की. नाव हाय त्याच्यावर."

यादीतलं 'घरात ताटं लावणे' मी खोडलं. खाली लिहिलं: 'शेजारून ताट आणणे'.