सोनईवाले, ताबडतोब खाली या

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरच्या एका जुन्या दवाखान्यात होतं. भिंती दगडी, हातभर जाड. आत मोबाईलचा उपयोग नुसत्या टॉर्चपुरता. नातेवाइकांना बोलवायला प्रत्येक मजल्यावर एक कर्णा. तो बोलायचा, आपलं ऐकून घ्यायची सोय त्यात नव्हती. शिवाय तिथं पेशंटला नावानं नाही, गावानं पुकारतात. राजूरवाले, देवळालीवाले, आम्ही सोनईवाले.

आईला शुगर. सकाळची गोळी घेतलेली, पण नंबर लांबल्यामुळं पोटात चहा तेवढा. सिस्टरनं मला बजावलं होतं, बाहेर आणल्याबरोबर खायला घाला, नाहीतर चक्कर येऊन पडतील. म्हणून मी भाकरी-मेथीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. जबाबदार माणूस.

कर्णा खरखरला, "सोनईवाले, ताबडतोब खाली या." मी डब्यासकट पळालो. खाली एकानं विचारलं, सोनईचे का? म्हटलं, हो. रक्त देताय ना? म्हटलं, देणारच. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मोतीबिंदूला रक्त कशाला, हे माझ्या पाचवीतल्या पोरानंही विचारलं असतं. मी बाही वर केली.

सुई टोचली आणि कर्णा पुन्हा बोलला, सोनईवाले, वरती या, पेशंट बाहेर आलाय. मी पडल्या पडल्या ओरडून सांगितलं, रक्त देतोय, आलोच. त्यानं परत बोलावलं. मी परत सांगितलं. शेजारच्या खाटेवरचा शांतपणे म्हणाला, "सर, त्याला कान न्हाईत."

सुई काढताना त्या रक्तवाल्यानं धीर दिला, काळजी करू नका, तुमच्या पेशंटचं मांडीचं हाड नीट बसेल. कुणाची मांडी, म्हणून मी उठून बसतोय तोच कर्ण्यातून वेगळाच आवाज आला. खरखरीत, पण बाईचा. "आरं, डबा घिऊन कुठं मेलास? मला गरगराया लागलंय."

आईनं माईक ताब्यात घेतला होता.

मी जिना चढायला लागलो आणि निम्म्यावर मलाच अंधारी आली. कठडा धरत वर पोचलो, तर व्हीलचेअरभोवती पाच-सहा पुरुष, प्रत्येकाच्या हातात उघडा डबा. त्या कर्ण्यातून कुणाचीही आई सारखीच ऐकू यायची. ज्याला त्याला ती आपलीच वाटली असणार. आई एका राजूरवाल्याची भाकरी निवांत खात होती.

पट्टी नसलेल्या डोळ्यानं तिनं मला न्याहाळलं, माझ्याच डब्यातला घास मोडून माझ्या हातावर ठेवला आणि राजूरवाल्याला सांगितलं,

"ह्यो माझा. शाळंत इज्ञान शिकिवतो."