उडत्या माणसांचा ग्रेडर

अमेरिकेत एखादा माणूस अंगाला रबर चिकटवून आकाशात उडाला, तर तो आमच्या पुलगावात किती हप्ते उडत राहील, हे सांगू शकणारा या पृथ्वीवर एकच मनुष्य झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात, तेव्हा मीही त्यांना भाटवेच म्हणतो. नाव सांगितलं तर जिल्ह्यातली चार माणसं अजूनही पुढच्या उन्हाळ्याचं विचारायला त्यांच्या दारात उभी राहतील, आणि ताई मला पुन्हा घरात घेणार नाही.

भाटवे एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. कापसाची बैलबंडी आत आली की हे पुढे होत, मधोमध हात खुपसून एक पुंजका उपसत, चिमटीत धरून धागा ताणत, काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून त्याची लांबी पाहत, सरकी दाताखाली फोडून ओल ओळखत आणि मग न्यायाधीशासारखा एकच शब्द उच्चारत. ‘सुपर’, ‘फेअर’, नाहीतर ‘कवडी’. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला माल. त्या शब्दाला अपील नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी कवडीला फेअर म्हटलं नाही आणि फेअरला कवडी म्हटलं नाही, त्यामुळे साठ गावांत त्यांना मान होता आणि साठही गावांतून लग्नाच्या पत्रिका येत. पुंजक्यावरून ते गाव सांगत, शेत सांगत, शेतमालकाच्या घरातलं वातावरणही सांगत. रोहण्याच्या एका शेतकऱ्याला एकदा धागा ताणता ताणता म्हणाले, “ह्या बंडीत दोन भावायचा माल हाये. वाटणी झाली काय जी?” तो बिचारा गडबडला. म्हणाला, “नाई साहेब, आजून घरात बोलणंच चालू हाये.” घरी पोचला तेव्हा वाटणी झालेली होती.

पण होळी आली की कापूस संपतो आणि थेट दिवाळीपर्यंत ग्रेडरची बोटं रिकामी राहतात. रिकामी बोटं फार वाईट. भाटवे घरातले पडदे ताणून पाहत, पाहुण्यांच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरत, एकदा तर आमच्या दूरच्या मामेसासऱ्यांच्या धोतराला त्यांच्या देखत त्यांनी ‘फेअर’ दिलं आणि ते सासरे दोन दिवाळ्या आले नाहीत. अशा मोकळ्या दिवसांत, नव्वदच्या दशकात कधीतरी, शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या टॉकीजमध्ये हिंदी बोलणारे अमेरिकन उडते लोक यायला लागले. भाटव्यांना मे महिन्याचं पीक सापडलं.

टॉकीजचे शेठ त्यांचे जुने दोस्त. दोघं सकाळी टॉकीजच्या पायरीवर चहा घेत, आणि पोस्टर चिकटवलं रे चिकटवलं की भाटवे उठून त्याच्यापुढे उभे राहत. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. पहिला नियम कपड्याचा. “शेठ, ह्या माणसानं आंगभर रबर घातलं हाये. बाहेर शेहेचाळीस डिग्री. ह्याले पाह्यलं की पाहणाऱ्यालेच घुसमटते. एक हप्ता. कवडी.” दुसरा नियम धमाक्याचा. दारूगोळ्याच्या डेपोशेजारी राहणाऱ्या गावाला पडद्यावर काही फुटल्याचं कौतुक नसतं, म्हणून दर पाच धमाक्यांमागे एक दिवस वजा. तिसरा नियम, हीरोच्या घरी म्हातारी आई असेल तर एक हप्ता जास्त, आणि ती त्याला ‘जेवून घे’ म्हणत असेल तर दीड. हे आकडे ते खडूने तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर लिहीत आणि गाव ते वाचून तिकीट काढायचं की नाही ते ठरवी.

एका वर्षी छातीतून बर्फ फेकणारा एक इसम आला. भाटव्यांनी त्याला ‘सुपर, पाच हप्ते’ दिले आणि तो बरोबर पाच हप्ते चालला. तिसऱ्या हप्त्यात लोक बाल्कनीत स्वेटर घालून बसत होते. आर्वीहून आलेल्या एका गृहस्थाला ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, सर्दी झाली आणि डॉक्टरनं त्याला पुन्हा तो पिक्चर बघायला मनाई केली, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. माझं खासगी मत असं होतं की त्या टॉकीजमधला प्रत्येक पिक्चर कूलरवर चालतो. शेठनी चार मोठे कूलर लावले होते आणि वीज गेली तरी त्यांचा जनरेटर चाले. गावात दुपारी तीन तास थंड हवेत बसायची ती एकच जागा होती. हे मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, “मले काय सांगतं? घरातलं मीठ सरलं ते यायले समजत नाई, अन् अमेरिकेतल्या माणसाचं भविष्य सांगून राह्यले. पण त्यायच्यासमोर बोलू नको. उन्हाळाभर मह्या पदराचा धागा मोजत बसतीन.”

मग दोन हजार सालानंतरचा एक उन्हाळा आला. शेठची दोन्ही मुलं नागपुरात धंद्यात होती आणि टॉकीज पाडून मंगल कार्यालय बांधायचं त्यांच्या मनात होतं. शेठचा जीव टॉकीजमध्ये. जन्म त्यांनी तिथं काढलेला. अंधारात खुर्चीचा नंबर पायानं ओळखत. शेवटी बापलेकांत सौदा ठरला. या उन्हाळ्यात एक पिक्चर सलग तीन हप्ते चालवून दाखवायचा, पहिल्या हप्त्यात कमीजास्त चालेल, पण पुढे दुपारचा खेळ रोज भरलेला पाहिजे, रिकाम्या खुर्च्यांना दाखवलेला धरणार नाही. जमलं तर टॉकीजला हात लावायचा नाही, नाही जमलं तर मुलं म्हणतील तसं. शेठनी हे भाटव्यांना पायरीवर सांगितलं आणि चहा तसाच राहिला. “ग्रेडर साहेब,” ते म्हणाले, “आजवर मी आणलेलं तुमी पाह्यलं. ह्या खेपेले तुमी पाहा, मी आणतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला वितरकाच्या कचेरीत. कारकुनानं टेबलावर दोन पिक्चरचे फोटो पसरले. एकात काळ्या रबरातला, चिलखत घातलेला, दात खाणारा इसम. भाटव्यांनी त्याच्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडला आणि रुमालानं मान पुसली. दुसऱ्यातला हीरो हिरवागार, अंगावर पिवळे पट्टे, आणि खांद्यावरून मागे एक लांबलचक पांढरा लबादा वाऱ्यावर सुटलेला. भाटवे वाकले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मग कारकुनाला विचारलं, “ह्या लबाद्याचा नमुना भेटन काय?”

“कशाचा नमुना?” कारकून म्हणाला.

“इतभर तुकडा भेटला तरी चालन.”

“काका, तो माणूस अमेरिकेत हाये.”

“मंग कापूस कोठचा हाये ते समजन कसं? पण हे सूत हाये शेठ, नायलॉन नाई. ह्याचं पडणं पाहा. लांब धाग्याचा माल. ह्या माणसाले घाम आला तर सुकते. सुपर. तीन हप्ते, डोये मिटून घ्या.”

शेठनी डोळे मिटून घेतला. गावात भिंतीवर ‘सुपर, तीन हप्ते’ लागलं आणि पहिल्या दिवशी दुपारी लोक दारापर्यंत उभे होते. मीही होतो. दिवे गेले, पिक्चर सुरू झाला, आणि दहाव्या मिनिटाला तो हिरवा, पिवळ्या पट्ट्यांचा मनुष्य एका उंच इमारतीवर पोटानं सरपटत चढू लागला. लोक खुर्च्यांतून पुढे वाकले. कारण त्या टॉकीजमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसानं तो प्राणी ओळखला होता. गेली कित्येक वर्षं ते त्याला रोज पहाटे कपाशीच्या बोंडात तोंड खुपसून बसलेला पाहत होते. समोरच्या रांगेतून एक थकलेला आवाज आला, “फवारा रे कोणीतरी.” आणि हीरोनं खिडकी फोडून आत डोकं घातलं तेव्हा दुसरा म्हणाला, “घ्या. बोंड पोखरलं.” मध्यंतरात माणसं उठून चालू लागली. शेठ दारात हात जोडून उभे. एक म्हातारा त्यांना अतिशय सभ्यपणे म्हणाला, “शेठ, सालभर वावरात ह्याच्याच मांगं असतो. तिकीट काढून कायले पाहू?” भाटव्यांनी कापड पाहिलं होतं, कापडाआडची बोंडअळी, तीस वर्षांच्या ग्रेडरला, दिसली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला अकरा माणसं होती, त्यांतले आम्ही दोघं. भाटवे दोन दिवस जेवले नव्हते. ताईनं मला निरोप पाठवला, “येऊन पाहून जाय. आज लुगड्यालेई हात लावला नाई यायनं.” मी गेलो तर भाटवे ओसरीवर बसून समोर एक ढीग चिवडत होते. तो लग्नाच्या पत्रिकांचा ढीग होता. मे महिना, साठ गावांतल्या लेकी. तारखेवार लावलेल्या. मला म्हणाले, “वीज किती वाजता जाते?” मी म्हटलं, बाराला जाते, चारला येते. “अन् लगनं किती वाजता लागते?” मी म्हटलं, साडेअकराला. “मंग चार तास पाहुणे कोठी बसते?” मी म्हटलं, टिनाच्या मांडवात, भाजत. भाटवे उठले, काळा कोट घातला आणि शेहेचाळीस डिग्रीत बाहेर पडले.

साठ गावांत ज्याच्या कापसाला खोटा शब्द मिळाला नाही, असा वधूपिता ग्रेडर साहेबांचा शब्द कसा मोडणार? पाचव्या दिवशी पहिलं वऱ्हाड आलं. जेवणं आटोपून चारशे माणसं, वाजंत्रीसकट, वधूपित्याच्या खर्चानं टॉकीजमध्ये शिरली आणि कूलरखाली बसताच त्यांनी जो निःश्वास सोडला त्यानं पडदा हलला. मग काय, रोज एक लग्न. नवरा-नवरी बाल्कनीत, मुंडावळ्या बांधलेल्या. खाली व्याही एका रांगेत, विहिणी एका रांगेत. मध्यंतरात पानसुपारी आणि गुलाबपाणी. एका नवरदेवाच्या फुफाजींची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, गाडी चुकली, ते अर्ध्या पिक्चरला पोचले आणि वरपक्ष रुसला. शेठना पिक्चर पहिल्यापासून लावावा लागला. उरलेल्या अक्षता लोकांच्या मुठीत असत. शेवटी हिरवा हीरो त्या हिरोईनीचा हात धरी तेव्हा चारशे माणसं उठून पडद्यावर अक्षता टाकत आणि वाजंत्री वाजे. ज्या किड्याला पहिल्या दिवशी फवारायला निघाले होते, त्याला दुसऱ्या हप्त्यात बाया ‘जवाई’ म्हणू लागल्या. “रंग हिरवा हाये, पण पोरगं कमावतं दिसते,” असं एक विहीणबाई माझ्याशेजारी बसून म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी शेठची मुलं नागपूरहून आली. दुपारचा खेळ. बाहेर हाउसफुल्लची पाटी, आत दोन लग्नांची मंडळी दाटीनं. भाटवे कोटाची बटणं लावून दारात उभे. थोरला मुलगा आत डोकावला, पुष्कळ वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “बाबा, तुमी जिकले. टॉकीजले आमी हात नाई लावत.” त्यानं शब्द पाळला. पोरगा चांगला.

पण त्या संध्याकाळपासून शेठकडे माणसं यायला लागली. कोणी पिक्चरचं विचारत नव्हतं. “शेठ, तुळशीच्या लगनानंतर आमच्या पोरीचं हाये. हॉल द्याल काय? पिक्चर नाई लावला तरी चालन.” शेठ आधी हसले, मग त्यांनी वही काढून तारखा लिहून घ्यायला सुरुवात केली. दसऱ्याला त्यांनी स्वतः मुलांना बोलावलं आणि पडदा आपल्या हातानं उतरवला. भाटवे पायरीवर बसून होते. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “माल कवडीच होता. मी त्याच्यात लगनं मिसळली. तीस वर्षांत मिलावट केली नव्हती.” त्यानंतर त्यांनी एकाही पिक्चरला ग्रेड दिला नाही.

पुढे काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. जमीन सपाट केलेली, पडद्याच्या जागी स्टेज, स्टेजवर दोन लाल खुर्च्या. जेवणाच्या पंगती उठल्यावर मी पाहिलं तर शेठ आणि भाटवे मागच्या भिंतीला टेकून, दोन खुर्च्यांवर, शेजारी शेजारी, स्टेजकडे तोंड करून बसले होते. जशी माणसं पिक्चर सुरू व्हायची वाट बघत बसतात तशी. शेठना तोवर नीट दिसत नव्हतं. मी पाण्याचे ग्लास घेऊन गेलो तेव्हा ते भाटव्यांकडे कललेले होते.

“बोला ग्रेडर साहेब,” शेठ हळूच म्हणाले. “हे किती हप्ते चालन?”

भाटव्यांनी स्टेजकडे पाहिलं. स्टेजवर माझी मुलगी जावयाच्या कानाशी काहीतरी बोलून हसत होती. भाटव्यांची बोटं गुडघ्यावर एकमेकांवर घासली जात होती, धागा ताणतात तशी.

“आपल्याले शेवट पाहाले नाई भेटणार शेठ,” ते म्हणाले. “इतकं चालन.”